शेवटची नोंद

आई दोन वेगळे शब्द वापरते. मिक्सर, पंखा, गीझर ‘बंद पडतात’. पॅसेजमधल्या फळीवरचा माझा छोटा संगणक मात्र ‘झोपतो’. “अरे, तुझं ते झोपलंय बघ परत,” एवढं स्वयंपाकघरातून सांगून ती आपल्या कामाला लागते. सुरुवातीला मला हा तिचा टोमणा वाटायचा. चार महिने या झोपेच्या मागे लागल्यावर कळलं, की निदानाची पहिली पायरी तिने केव्हाच ओलांडली होती. बंद पडलेल्या वस्तूत काहीतरी तुटलेलं किंवा जळलेलं असतं, वास तरी येतो. झोपलेल्या यंत्रात बघायला काहीच नसतं. प्लग काढून दहा सेकंदांनी लावला की ते उठतं आणि काही झालंच नव्हतं अशा थाटात पुढचे आठ-दहा दिवस चालतं.

संगणक म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढी एक पाटी, रास्पबेरी पाय ४. ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून २०१२ साली ‘पाय’चा पहिला अवतार आणला. मुलांपेक्षा आमच्यासारख्या हौशी बाप्यांनीच तो जास्त विकत घेतला असावा. त्यावर ‘होम असिस्टंट’ नावाची फुकट आणि खुली प्रणाली चालते. घरातले दिवे, सेन्सर, मोटर असं सगळं ती एका जागी आणते. आमच्या घरी तिच्याकडे तीन कामं आहेत: पहाटे गच्चीवरची टाकी भरणं, रात्री आई उठली की पॅसेजमधला दिवा मंद लावणं आणि संध्याकाळी सात वाजता पोर्चचा दिवा लावणं. पहिल्या शंभर दिवसांत ही पाटी नऊ वेळा झोपली. सरासरी अकरा दिवसांतून एकदा.

अशा वेळी सगळेच जे करतात तेच मी केलं. चालू-बंद केलं आणि विसरलो. इथेच पहिली चूक झाली.

एखादा प्रोग्रॅम कोसळतो तेव्हा तो मरताना काहीतरी बोलून जातो. अमुक ओळीत चूक, तमुक फाइल सापडली नाही, मेमरी संपली, असं काहीतरी. संगणक अडकतो तेव्हा तो बोलायच्या आत गेलेला असतो. वर प्लग काढला की मेमरीत जे काही उरलेलं असेल तेही जातं. पायवर चालणारी लिनक्स प्रणाली त्याच्या मेमरी कार्डावर दर क्षणाला लिहीत बसत नाही. लिहायचा मजकूर ती आधी मेमरीत साठवते आणि सवडीने कार्डावर उतरवते. मूळ मांडणीत ही सवड अर्ध्या मिनिटापर्यंतची असू शकते. म्हणजे ज्या अर्ध्या मिनिटात घात झाला, नेमका तोच भाग नोंदवहीत नसण्याची शक्यता सर्वांत जास्त. मी नोंदी उघडून पाहायचो तर शेवटपर्यंत सगळं आलबेल. पॅसेजमध्ये हालचाल, तापमान २७ अंश, दिवा बंद. आणि मग एकदम नव्या सुरुवातीच्या ओळी.

त्यात आणखी एक खोच होती, ती कळायला मला महिना लागला. रास्पबेरी पाय ४ मध्ये सेल लावलेलं घड्याळच नाही. वीज गेली की त्याला वेळ कळत नाही. उठल्यावर तो आधी शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून चालतो आणि इंटरनेट मिळालं की काटे पुढे सरकवतो. त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या काही ओळींवर झोपण्याच्या आसपासची वेळ पडते. मी त्या ओळी झोपण्याआधीच्या समजून वाचत होतो. मयताच्या जबानीत पोस्टमॉर्टेम करणाऱ्याचेच शब्द घुसावेत, तसला प्रकार.

मग मी तारखा लिहायला लागलो, आणि त्याही कागदावर. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावर आई दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकटींत मी लाल पेनाने वेळा मांडल्या. पाच झोपा झाल्यावर चित्र अगदी स्वच्छ दिसायला लागलं: संध्याकाळी ७:१०, ७:०५, ७:२०, एकदा दुपारी ४, पुन्हा ७:१५. म्हणजे संध्याकाळ! आमच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही, एसी एकदम लागतात आणि ट्यूबलाइट लुकलुकते. व्होल्टेज पडत असणार आणि त्यामुळेच हे बेणं झोपत असणार.

या तर्काला पुरावाही मिळाला. रास्पबेरी पायमध्ये विजेवर डोळा ठेवणारी एक सोय आहे. आत येणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो आपल्या आत एक खूण करून ठेवतो. एक छोटी आज्ञा देऊन ती खूण विचारता येते. उत्तर नुसतं शून्य आलं तर सगळं ठीक. मला उत्तर आलं पाचावर चार शून्यं. याचा अर्थ असा: या घडीला ठीक आहे, पण सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती आणि तेव्हा गतीही कमी करावी लागली होती. शून्यांच्या जागी शेवटी आणखी एक पाच असता, तर आत्ताही कमी पडतेय असं म्हटलं असतं.

कारणही हाताशी होतं. मी संगणकाला घरातला जुना मोबाइलचा चार्जर लावला होता, मीटरभर लांबीच्या बारीक केबलसह. हा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. अशा केबलमधल्या तांब्याच्या केसाएवढ्या तारांचा रोध जाता-येता मिळून सुमारे ०.४ ओहम भरतो. संगणकाने १.२ अँपिअर ओढले की जवळजवळ अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो. चार्जरने पाच दिले तर संगणकाच्या दारी पोचतात साडेचार, म्हणजे ४.६३ च्या खाली. मोबाइलला याचं काही वाटत नाही. त्याच्याकडे बॅटरी असते, त्यामुळे तो सावकाश चार्ज होतो इतकंच. संगणकाला मात्र शिल्लक नावाची गोष्ट नसते, त्याचं सगळं रोजंदारीवर. म्हणूनच पाय ४ साठी जो खास अडॅप्टर मिळतो तो ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा असतो आणि त्याची केबल जाड, शिवाय अडॅप्टरला कायमची जोडलेली. तो वरचा ०.१ व्होल्ट केबलमधली घट भरून काढायला दिलेला आहे.

अडॅप्टर आणला. खूण शून्यावर आली आणि शून्यावरच राहिली. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

बाराव्या दिवशी संगणक झोपला.

दोष सापडला होता आणि तो खरा होता, पण आपण शोधत होतो तो दोष हा नव्हता. अडकणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत हे फार होतं, कारण नीट बघितलं तर कुठल्याही घरगुती मांडणीत तीन-चार दोष सापडतातच. उष्णतेचंही तसंच. पाय तापला की लोक त्याला पंखा बसवतात. पण ८० अंशांच्या पुढे तो आपली गती कमी करतो, अडकत नाही, आणि माझा कधी ६२ च्या वर गेलाच नव्हता. झिग्बी या बिनतारी पद्धतीने चालणाऱ्या दिव्यांचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ खोबणीच्या अगदी शेजारी खोचला तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि दिवे हाकेला ओ देत नाहीत. इंटेलने २०१२ सालीच यावर एक टिपण काढलं होतं. तेव्हाही घरातले म्हणतात की संगणक झोपला. तो बिचारा जागाच असतो. फूटभर लांबीची यूएसबी वायर लावून रिसीव्हर दूर केला की काम होतं.

तेव्हा आधी विचारायचं, की झोपलंय ते नेमकं कोण?

यासाठी सर्वांत साधं हत्यार म्हणजे पिंग. दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून अडकलेल्या यंत्राला हाक मारायची. या हाकेला उत्तर देतो तो प्रणालीचा गाभा, वरचे प्रोग्रॅम नाहीत. वाड्याचा दरवान समजा. मालक आत बेशुद्ध असला तरी दरवान हाकेला ओ देतो. दरवान ओ देतोय पण ॲप उघडत नाही, असं असेल तर घोटाळा आत आहे: मेमरी भरली, एखादा प्रोग्रॅम अडून बसला, किंवा साठवणीचं कार्ड उत्तर देत नाही म्हणून सगळे त्याच्या दारात खोळंबले आहेत. दरवानच गप्प असेल आणि नेटवर्कची केबल नीट असेल, तर अख्खा गाभा थिजलेला आहे. मग संशय वीज, मेमरीची चिप, प्रोसेसर आणि अगदी खालच्या थरातल्या चुका यांच्यावर. ही एक हाक मारली की संशयितांची अर्धी यादी गळते, आणि लोक नेमकी तीच न मारता प्लगला हात घालतात. मीही पाच वेळा तेच केलं होतं.

सहाव्या वेळी हाक मारली. दरवान गप्प.

आता साक्षीदार लागणार होता, आणि तोही घराबाहेरचा. जो संगणक मरणार आहे त्याने स्वतःच्या कार्डावर लिहिलेल्या डायरीवर विसंबून चालत नाही. माळ्यावर एक जुना लॅपटॉप पडून होता, बॅटरी गेलेला, एक की निखळलेला. तो खाली आणला. रास्पबेरी पायला सांगितलं, की दर मिनिटाला एक ओळ या लॅपटॉपकडे पाठव: वेळ, तापमान, मोकळी मेमरी, विजेची खूण, मोटर चालू की बंद. शिवाय लिनक्सच्या गाभ्याला मरताना काही सांगायचं असेल तर तेही थेट नेटवर्कवरून इकडेच पाठवायची सोय केली. कार्ड मध्ये कुठेच नाही. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेणारं. एवढं करायला एक रविवार गेला. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पुढच्या चार झोपांच्या शेवटच्या ओळींनी माझी ‘संध्याकाळ’ कायमची निकालात काढली. शेवटच्या नोंदी होत्या पहाटे ६:०४, ५:५८, ६:११ आणि पुन्हा ६:०४ च्या. म्हणजे संगणक जायचा पहाटे आणि आम्हाला कळायचं संध्याकाळी, पोर्चचा दिवा लागला नाही की. कालनिर्णयावरच्या माझ्या लाल वेळा यंत्र झोपल्याच्या नव्हत्याच. आम्हाला जाग आल्याच्या होत्या.

वेळ हा या शोधातला सर्वांत बोलका पुरावा असतो, मात्र ती घटनेची वेळ असायला हवी. विंडोज ९५ चं प्रसिद्ध उदाहरण आहे. सलग ४९.७ दिवस चालू राहिल्यावर तो संगणक अडकू शकायचा. आतला एक गणक मिलिसेकंद मोजत होता आणि ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या बरोबर तेवढ्या दिवसांत भरते. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ बद्दल सूचना काढली: २४८ दिवस सलग चालू राहिल्यास वीजनिर्मितीचे नियंत्रक बंद पडू शकतात. हे २४८ दिवस म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजणाऱ्या ३१ बिटांच्या गणकाचं आयुष्य. असा नेमका आकडा समोर आला की निम्मी केस सुटलेलीच असते. माझ्याकडे असा आकडा नव्हता, पण रोजची एक खिडकी होती: पावणेसहा ते सव्वासहा.

त्या वेळात घरात एकच गोष्ट घडते. ५:४० ला टाकीची मोटर लागते.

“मोटर लागताना लाइट मंद होतात, तेव्हाच होत असेल,” असं आई म्हणाली, आणि कुणीही असंच म्हणेल. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते, त्याने घरातलं व्होल्टेज क्षणभर पडतं. पण नव्या अडॅप्टरवर छापलेलं होतं १०० ते २४० व्होल्ट. २३० चे १९० झाले तरी त्याला त्याचं सोयरसुतक नाही. शिवाय वेळ जुळत नव्हती. मोटर लागायची ५:४० ला आणि संगणक त्यानंतर वीस-तीस मिनिटं नोंदी पाठवत होता.

मी चारही शेवटच्या ओळी एकाखाली एक मांडल्या. चारही ओळींत लिहिलं होतं: मोटर चालू. आणि चारही दिवशी टाकी भरून वाहिली नव्हती.

यावर मी बराच वेळ बसून होतो. मोटर बंद करायचा हुकूम संगणकच देतो, टाकीतल्या सेन्सरवरून. तो हुकूम देण्याआधीच संगणक गेला असता तर मोटर चालूच राहिली असती आणि गच्चीवरून पाणी जिन्यात उतरलं असतं. मोटर बंद झाली, म्हणजे हुकूम गेला. पण पुढच्या मिनिटाची ओळ आली नाही. संगणकाचं मरण या दोन क्षणांच्या मध्ये, साठ सेकंदांच्या आत होतं. त्याचं शेवटचं काम होतं मोटर बंद करणं. आणि टाकी कधी भरेल हे आदल्या दिवशीच्या वापरावर ठरत असल्याने वेळ रोज थोडी सरकत होती.

आमच्याकडची मांडणी अशी: संगणकाच्या पिनेवरून एक छोटा रिले चालतो, रिलेवरून कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरच्या मोठ्या स्विचची, कॉइल आणि कॉन्टॅक्टरवरून मोटर. कॉइल म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तार. तिच्यातून वाहणारी वीज एकाएकी तोडली की ती सहजासहजी सोडत नाही. चुंबकक्षेत्रात साठलेली ऊर्जा उसळून येते आणि रिलेच्या उघडणाऱ्या टोकांमध्ये ठिणगी पडते. त्या इवल्याशा फटीत क्षणभर शेकड्यांनी व्होल्ट उभे राहतात. ठिणगी हा सर्वांत जुना रेडिओ ट्रान्समीटर आहे, मार्कोनीने सुरुवात ठिणगीनेच केली. आणि माझ्या रिलेकडून संगणकाकडे येणाऱ्या बारीक वायरी मी हौसेने, नीटनेटकं दिसावं म्हणून, कॉइलच्या वायरींसोबत एकाच पट्टीत बांधल्या होत्या. चांगली हातभर लांब अँटेना.

वायरमनकाकांना बोलावलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “साहेब, पूर्वी मिक्सर लावला की रेडिओत खरखर यायची, आठवतं ना? त्यातलंच हे. रेडिओ आहे का घरात?”

बाबांचा ट्रान्झिस्टर होता. मीडियम वेव्हवर, कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला आणि तो रिलेशेजारी धरला. मोटर लावली, थांबवली. ‘खट्ट!’ पुन्हा. या वेळी जेमतेम ‘टिक’. पुन्हा. ‘खट्ट!’ इतका मोठा, की आई बाहेर आली. दहा वेळा करून पाहिलं तर दहा वेगळे आवाज. इथे ते अकरा दिवसांचं कोडंही सुटलं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, म्हणजे प्रवाह सेकंदातून शंभर वेळा शून्यावर येतो. रिले नेमका शून्याच्या आसपास उघडला तर ठिणगी नावालाच पडते. ऐन भरात उघडला तर जोरात. रोज मोटर बंद व्हायची, रोज नाणं उडवलं जायचं, आणि कधीतरी सगळं वाईट बाजूने पडायचं. त्या झटक्यात प्रोसेसरच्या आत कुठलं बिट उलटलं हे कुणालाच सांगता येणार नाही. गाभ्याने मरताना लॅपटॉपकडे एक अक्षरही पाठवलं नव्हतं, ते याच्याशी जुळणारं होतं. सॉफ्टवेअरच्या चुकीने कोसळणारा गाभा बहुतेकदा काहीतरी ओरडून जातो.

काकांनी कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एकापाठोपाठ एक जोडून लावला. कंडेन्सर घरच्या विजेवर कायम राहू शकणाऱ्या, एक्स-२ प्रकारचा हवा. साधा लावला तर तोच एक दिवस पेटतो, म्हणून हे काम जाणकारावर सोडावं. उसळणारी ऊर्जा ठिणगीऐवजी कंडेन्सरमध्ये जाते आणि रेझिस्टरमध्ये जिरते. रेडिओवर पुन्हा ऐकलं. ‘टिक’. दहाही वेळा ‘टिक’. मग संगणकाच्या वायरी वेगळ्या करून भिंतीच्या दुसऱ्या बाजूने नेल्या. खरं म्हणजे एका वेळी एकच बदल करायचा असतो, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. इथे मी नियम मोडला. काका पुन्हा लवकर येणार नव्हते.

त्याच वेळी टाकीत एक साधा फ्लोट स्विचही बसवून घेतला. पाणी वर आलं की तो संगणकाला न विचारता मोटर तोडतो. संगणक मोटर चालू असताना झोपला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी शंभर दिवस स्वतःला विचारलाच नव्हता.

आता वाट बघणं. पण किती? अकरा दिवसांतून एकदा घडणारी गोष्ट पंधरा दिवस घडली नाही तर त्याचा अर्थ फारसा काही नाही. नुसत्या योगायोगानेही असं साधारण चारातून एकदा होतं. इथे एक सोपा आडाखा उपयोगी पडतो: सरासरी अंतराच्या तिप्पट थांबायचं. काहीच दुरुस्त झालेलं नसताना एवढा काळ शांत जाण्याची शक्यता पाच टक्क्यांवर येते. माझ्यासाठी तो आकडा होता ३३ दिवस. अकराव्या दिवशी ‘झालं बुवा ठीक’ म्हणणारे लोक प्रामाणिकच असतात, त्यांचं गणित तेवढं कच्चं असतं. आमच्या अडॅप्टरच्या बाराव्या दिवसासारखं.

या वाट बघण्याच्या काळात आईने विचारलं, “ते आपलं आपण उठेल असं नाही का करता येत?” येतं. पायच्या आत वॉचडॉग नावाची एक सोय असते. संगणकाने ठरावीक वेळात, फार तर सुमारे १५ सेकंदांत, तिला ‘मी जागा आहे’ असं सांगायचं. सांगितलं नाही, तर ती त्याला सरळ रीस्टार्ट करते. मी ती मुद्दाम लावलेली नव्हती. साक्षीदार नसताना वॉचडॉग बसवला की यंत्र झोपतं, उठतं, आणि झोपलं होतं हे कुणाला कळतही नाही. पण वॉचडॉगकडे नुसता दुरुस्तीचा उपाय म्हणून बघणंही बरोबर नाही, हे ‘पाथफाइंडर’च्या गोष्टीतून कळतं.

१९९७ च्या ४ जुलैला हे अमेरिकी यान मंगळावर उतरलं आणि हवामानाची मोजणी सुरू झाल्यावर त्याचा संगणक मधूनच आपला आपण रीस्टार्ट व्हायला लागला. वॉचडॉगच ते करत होता. आतलं भांडण असं होतं: हवामानाचं काम खालच्या मानाचं. माहितीची वाहतूक बघणारं काम वरच्या मानाचं. दोघांनाही एकच सामायिक कुलूप लागायचं. हवामानवाल्याने कुलूप घेतलं, की वरच्याला थांबावं लागे. इथवर ठीक. पण तेवढ्यात मधल्या मानाचं तिसरंच लांबलचक काम यायचं आणि खालच्याला बाजूला सारायचं. कुलूप अडकलेलं, साहेब दारात उभे आणि मधला कारकून निवांत. ठरलेल्या वेळात वाहतुकीचं काम झालं नाही हे पाहून वॉचडॉग सगळंच नव्याने सुरू करायचा. पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत इंजिनिअरांनी यानाच्या जुळ्या संगणकावर सगळ्या हालचालींची नोंद चालू ठेवून, तोच प्रकार घडेपर्यंत तो चालवत ठेवला. घडला, आणि नोंदीत कारण दिसलं. प्रणालीत एक पर्याय बंद ठेवलेला होता. कुलूप धरून बसलेल्याला तेवढ्यापुरता वरचा मान देण्याचा. तो पृथ्वीवरून चालू करण्यात आला. अधिक बोचरी गोष्ट ही, की उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असा रीस्टार्ट एक-दोनदा दिसला होता. पुन्हा घडवता आला नाही म्हणून तो मागे पडला होता.

ज्यांच्याकडे पायऐवजी जुना छोटा पीसी आहे, त्यांच्यासाठी जाता जाता एक. इंटेलच्या ‘बे ट्रेल’ पिढीचे प्रोसेसर लिनक्सवर वर्षानुवर्षं असे थिजत असत, आणि तेही कामात नसताना, निवांत बसलेले असताना. गाढ झोपेच्या अवस्थेत शिरताना किंवा तिच्यातून उठताना ते अडकत. त्यांना गाढ झोपूच द्यायचं नाही, अशी एक सूचना सुरुवातीच्या ओळीत घातली की बहुतेकांचा त्रास थांबत असे. एएमडीच्या पहिल्या रायझनबद्दलही निवांतपणी अडकण्याच्या अशाच तक्रारी होत्या. यंत्र कामाच्या ओझ्याने थकतं या आपल्या समजुतीला ही उदाहरणं सुरुंग लावतात.

३३ दिवस झाले. मग ३५. मी वॉचडॉग लावून टाकला, कारण आता लॅपटॉप पहाऱ्यावर होता. कालनिर्णयाचं पान उलटलं, नव्या पानावर फक्त दुधाचा हिशेब.

एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी दोन वाजता आईची हाक आली. “झोपलं.”

मोटर बंद होती, सकाळपासून. वॉचडॉगने काही केलं नव्हतं. मी प्लगकडे गेलो नाही, मोबाइल काढला आणि हाक मारली. दरवानाने ओ दिली. पहिल्यांदाच.

लॅपटॉपवर तर ओळींचा ढीग पडला होता. मिनिटामिनिटाच्या नोंदी चालू होत्या, आणि त्यांच्यामध्ये गाभा ओरडत होता, की कार्डावर लिहिता येत नाही. ही झोप दुसरीच होती. गाभा जागा, म्हणून वॉचडॉगही समाधानी. खोळंबले होते ते सगळे कार्डाच्या दारात.

मेमरी कार्डात लिहिणं म्हणजे पाटीवर लिहिणं नव्हे. चार अक्षरं बदलायची तरी मोठा पट्टा पुसून पुन्हा लिहावा लागतो, आणि प्रत्येक कप्प्याला ठरावीक वेळाच पुसणं सोसतं. कॅमेऱ्यात कार्ड दिवसातून चार फोटो घेतं. होम असिस्टंट घरातल्या प्रत्येक सेन्सरची प्रत्येक हालचाल आपल्या डेटाबेसमध्ये मांडतं, दर काही सेकंदांनी, रात्रंदिवस, आणि दहा दिवसांपेक्षा जुनं आपणहून पुसतं. पुसणं म्हणजे कार्डाला आणखी झीज. मी नंतर साठवण एसएसडीवर हलवली आणि ज्यांचे आकडे कुणी बघत नाही असे सेन्सर नोंदीतून काढून टाकले. वायफायच्या सिग्नलचा जोर दर काही सेकंदांनी लिहून ठेवून मी काय मिळवत होतो कोण जाणे.

ते कार्ड मी ठेवलंय. लॅपटॉपला लावलं की छान उघडतं, सगळ्या फाइली दिसतात. एक फाइल पुसली तर पुसली जाते, नवी टाकली तर टाकली असं सांगतं, तक्रार नाही. कार्ड काढून पुन्हा लावलं, की नवी गायब आणि पुसलेली जागच्या जागी. आईला करून दाखवलं. तिने दोनदा करायला लावलं.